मखरातली जुनी फुलं: आधी मोडा, मग जोडा

गणपती-गौरींचं विसर्जन झालं की माळ्यावर एक खोका चढतो. त्यात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा असतात, तुळशीबागेतून नाहीतर क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले कापडी गुलाब असतात, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या बुकेतली जांभळी ऑर्किड असतात आणि सगळ्यांवर मिळून धूळ नि उदबत्तीचा काळपटपणा. पुढच्या वर्षी खोका उघडायचा, "शी, किती मळलंय" म्हणायचं आणि नवी खरेदी करायची. मग माळ्यावर दुसरा खोका.

खरं पाहता ही फुलं मळतात, चुरगळतात, फिकी पडतात, पण सहसा फाटत नाहीत. आपल्याला कंटाळा आलेला असतो तो त्या गुच्छाच्या आकाराचा. म्हणून एका फुलदाणीतला गुच्छ उचलून दुसऱ्या फुलदाणीत ठेवणं मी पुनर्वापरात धरत नाही. गुच्छ आधी मोडायचा. पाकळ्या, पानं, केसर, देठ, तार सगळं सुटं झालं की तोच पसारा कच्चा माल होतो आणि त्यातून काय करता येईल ते आपोआप सुचायला लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हे सगळं घरात आधीच असलेल्या फुलांसाठी आहे, हौसेपोटी नवी आणण्यासाठी नाही. प्लास्टिकच्या फुलांमुळे झेंडू, शेवंती, निशिगंध पिकवणाऱ्यांचा भाव पडतो ही तक्रार जुनी आहे. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात अशा फुलांवर बंदी घालण्याचा विषय विधानसभेतही निघाला होता. पूजेला खरं फूलच वाहावं. खोटी फुलं सजावटीपुरती, आणि तीही आहेत ती पुरवून वापरायची.

आधी चार ढीग करा

जमिनीवर जुनी चादर पसरा आणि खोका त्यावर रिकामा करा. रंगांप्रमाणे नको, कशाची बनली आहेत त्याप्रमाणे फुलं वेगळी करा. पुढे धुणं, इस्त्री, रंग, गोंद हे सगळं त्यावरच ठरतं.

पहिला ढीग कापडी फुलांचा. बाजारात यांना 'सिल्क'ची म्हणतात, पण ते कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. पाकळी बोटांत चोळली की कापड लगेच कळतं. दुसरा ढीग निव्वळ प्लास्टिकचा: चकचकीत पानं, वेली, छोटी भरीव फुलं. तिसरा फोमच्या फुलांचा, म्हणजे दाबली की स्पंजासारखी परत वर येणारी. चौथ्यात कागदाची, भेंडाची (म्हणजे पाणवनस्पतीच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याची), सॅटिनच्या रिबिनीची आणि तारेवर जाळी ताणून केलेली फुलं, म्हणजे पाणी लागलं की बिघडतील किंवा आकार सोडतील अशी.

पॉलिएस्टर की सुती अशी शंका आली तर पाकळीचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून, गॅलरीत किंवा सिंकवर, काडीने पेटवून पाहा. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी होते. सुती कापड कागदासारखं जळून राख होतं. ही परीक्षा मुलांसमोर करू नका.

ज्या फुलांवर बुरशीचे काळे ठिपके आले आहेत ती सरळ बाजूला काढा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर खोक्यात असं हमखास होतं. धुऊन डाग थोडे फिके होतात, पण कुबट वास जात नाही. अशी फुलं केसांत किंवा पाळण्याजवळ तर नकोतच.

धुणं

कोरडी धूळ आधी काढायची. उशीच्या जुन्या अभ्र्यात फुलं, पाकळ्या वरच्या बाजूला ठेवून, भरा, अर्धी वाटी जाडं मीठ टाका, तोंड आवळून धरा आणि मिनिटभर हलवा. मिठाच्या खड्यांनी धूळ सुटते. मात्र नंतर फुलं चांगली झटका आणि देठाच्या बेचक्यात अडकलेलं मीठ ब्रशने काढा. देठात लोखंडी तार असते आणि राहिलेल्या मिठाने ती दमट हवेत गंजते. चौथ्या ढिगाला मीठही नको. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश त्यांना पुरतो.

मग कापडी आणि प्लास्टिकची फुलं पाण्यात. त्याआधी रंगाची परीक्षा: पांढरा रुमाल ओला करून लाल, राणी आणि जांभळ्या पाकळ्यांवर दहा सेकंद दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर ते फूल भिजवायचं नाही, ओलसर फडक्याने टिपून घ्यायचं. बाकीच्यांसाठी बादलीत कोमट पाणी घ्या आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड टाका. धूप, कापूर आणि स्वयंपाकघरातली फोडणी यांचा चिकट थर निघायला ते कपड्यांच्या साबणापेक्षा बरं पडतं. देठ हातात धरून फुलाचं फक्त डोकं पाण्यात बुडवा आणि गोल फिरवा. चोळू नका, कडांचे धागे सुटतात. साध्या पाण्यातून काढा आणि दोरीवर चिमटे लावून उलटं टांगून सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं तर लवकर वाळेल हे खरं, पण उन्हानेच तर रंग उडालेला असतो.

चुरगळलेल्या कापडी पाकळ्यांना वाफ द्यायची. पातेल्यात पाणी उकळत ठेवून फूल चिमट्यात धरून वाफेवर दहा-पंधरा सेकंद फिरवा, बाहेर काढा आणि बोटांनी आकार देऊन थंड होईपर्यंत तसंच धरा. पॉलिएस्टर गरम असताना जसं वळवाल तसं थंड झाल्यावर राहतं. सपाट पाकळ्या हव्या असतील तर वर सुती कापड घालून सगळ्यात कमी तापमानाची इस्त्री. प्लास्टिकच्या आणि फोमच्या फुलांना वाफ आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य.

मोडणं

स्वस्तातल्या कापडी फुलात सहसा गोंद नसतो. मधल्या केसराच्या प्लास्टिकच्या खुंटीवर पाकळ्यांच्या चकत्या एकावर एक ओवलेल्या असतात आणि खालून हिरवी वाटी दाबून बसवलेली असते. देठ एका हातात, वाटी दुसऱ्या हातात धरून ओढलं की 'टक' आवाज होतो आणि फूल सुटतं. मग चकत्या एकेक करून निघतात: मोठी, मध्यम, लहान. काही चकत्यांच्या मागे प्लास्टिकचा कडक काटक्यांसारखा सांगाडा असतो, तो काढून टाका. झेंडूच्या माळेत पाकळ्यांच्या चकत्या दोऱ्यात घट्ट ओवलेल्या असतात, दोऱ्याची गाठ कापली की त्या मोकळ्या होतात.

सुटे भाग जुन्या डब्यांत वेगवेगळे ठेवा. मोठ्या चकत्या, लहान चकत्या, पानं, केसर आणि तारा, एवढे डबे पुरे. देठ कापायला शिवणाची कात्री वापरू नका, आतल्या तारेने तिची धार जाते. पक्कड घ्या.

आता मिसळायची गंमत. गुलाबाची मोठी चकती खाली, तिच्यावर शेवंतीची, मध्ये ऑर्किडचं केसर. असं फूल कुठल्याही झाडाला येत नाही, आणि तेच बरं. खोटं फूल खऱ्याची नक्कल करायला गेलं की केविलवाणं दिसतं. ते सरळ सरळ कलाकुसर म्हणून उभं राहिलं की छान दिसतं.

फिकी पडलेली फुलं रंगवताना

चहाच्या किंवा हळदीच्या पाण्यात बुडवून फुलांना 'अँटिक' रंग द्या, असं कुठे कुठे वाचायला मिळतं. सुती कापडावर ते जमतं. पॉलिएस्टरवर हे रंग धड चढत नाहीत, जेमतेम मळकट झाक येते. त्यापेक्षा कापडावर वापरायचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या, एक भाग रंगात दोन भाग पाणी घाला आणि भांडी घासायच्या स्पंजाच्या छोट्या तुकड्याने फक्त पाकळीच्या कडेवर टिपून लावा. मधला भाग फिका, कड गडद, अशी छटा आली की जुनं फूल मुद्दाम तसं केल्यासारखं वाटतं. सोनेरी कड तोरणाला शोभते. सगळी पाकळी जाड रंगाने लिंपली तर ती पत्र्यासारखी कडक होते.

दाराचं तोरण

सुरुवात इथून करा. चुका लपतात आणि बऱ्याच फुलांची सोय लागते.

साधारण तीन फुटी म्हणजे ३६ इंची दारासाठी जुन्या साडीचा काठ घ्या, चाळीस इंच लांब. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच दुमडून शिवा आणि तिथे अडकवायला नाड्या लावा. काठ पातळ असेल तर आतून जाड कापडाचं अस्तर द्या, नाहीतर लडींच्या वजनाने तो मध्ये झोळ खातो.

या पट्टीवर साडेचार-साडेचार इंचांवर खुणा करा. नऊ खुणा होतील, प्रत्येक खुणेवर एक लड. कडेच्या लडी बारा इंचांच्या, मग दहा, आठ, सहा आणि अगदी मधली चार इंचांची. पुढे पुन्हा सहा, आठ, दहा, बारा. मधली लड आखूड ठेवायचं कारण साधं आहे: येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला ती लागत नाही. सगळ्या लडींची मिळून लांबी ७६ इंच भरते. दर दोन इंचांना एक फूल धरलं तर ३८ फुलं लागतील. मध्ये लाकडी मणी आणि पानं ओवली तर निम्म्या फुलांत काम होतं आणि तोरण हलकंही राहतं.

ओवायला तंगूस (नायलॉनची पारदर्शक दोरी) उत्तम, दिसतही नाही. पण तिच्या गाठी सुटतात, म्हणून तीन गाठी मारून वर गोंदाचा थेंब टाका. जाड पाकळ्यांतून सुई जात नसेल तर दाभणाने आधी भोक पाडून घ्या. प्रत्येक लडीच्या खालच्या टोकाला घुंगरू किंवा जड बटण बांधा, म्हणजे लड सरळ लोंबते, वाऱ्याने पिळत नाही. प्रत्येक फुलाच्या खाली एक बारीक मणी घालून त्यातून दोरा दोनदा फिरवा. हे केलं नाही तर दिवाळीपर्यंत सगळी फुलं घसरून खाली गोळा होतात.

गोंदाबद्दल इथेच सांगते. पांढरा गोंद कागदाला आणि सुती कापडाला ठीक आहे. प्लास्टिकच्या पानांना तो धरत नाही, आणि त्या प्रकारच्या प्लास्टिकला बाकीचे गोंदही फारसे धरत नाहीत. म्हणून प्लास्टिकचे भाग चिकटवायचे नाहीत, ओवायचे किंवा तारेने बांधायचे. पॉलिएस्टर चिकटवायला रबरी गोंद: दोन्ही बाजूंना पातळ थर, तो बोटाला चिकटेल पण ओला लागणार नाही इतका वाळू द्यायचा आणि मग दाबायचं. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. ग्लू गन झटपट काम करते, पण पातळ पाकळीतून गोंदाचा डाग वर दिसतो आणि बोटं भाजतात ती वेगळीच.

उचलून ठेवायची रांगोळी

फ्लॅटच्या दारासमोर रांगोळी काढली की शेजारच्यांची मुलं सायकल घेऊन त्यावरूनच जाणार. अशा जागी ही पाकळ्यांची रांगोळी कामाला येते.

बैठक म्हणून पुठ्ठा घेऊ नका, लादी पुसताना ओल लागून तो वाकतो. जुन्या सोफ्याचं रेक्झिन असेल तर झकास. ते जमिनीवर पडून राहतं आणि ओल्या फडक्याने पुसताही येतं. एकच मोठं वर्तुळ न कापता तुकडे कापा: आठ इंचांचं एक वर्तुळ, पाच इंच लांबीच्या आठ कोयऱ्या आणि दोन इंचांच्या आठ टिकल्या. हे तुकडे दर वेळी वेगळे मांडता येतात. कोयऱ्या आत वळवल्या की कमळ, बाहेर वळवल्या की सूर्य, एका ओळीत लावल्या की उंबऱ्याची पट्टी.

पाकळ्या बाहेरच्या कडेपासून आत लावत यायच्या, कौलं रचतात तशा एकीवर एक थोडी चढवून, म्हणजे मागचा गोंद पुढच्या पाकळीखाली झाकला जातो. बाहेरची ओळ रेक्झिनच्या कडेपलीकडे अर्धा इंच येऊ द्या. मधोमध केसर किंवा जुन्या मोत्याच्या माळेचे मणी. पाकळ्या एकाच दिशेने बसवल्या तर तुकडा नीट दिसतो, इकडेतिकडे बसवल्या तर विस्कटलेला वाटतो.

या रांगोळीवर किंवा तिला लागून पणती ठेवायची नाही. पॉलिएस्टर पेटलं की वितळून थेंब गळतात आणि ते कातडीला चिकटतात. पणत्या निदान हातभर दूर असू द्या. उजेड हवाच असेल तर बॅटरीचे दिवे ठेवा. समई, निरांजन आणि आरतीचं ताट यांच्याबाबतही हाच नियम. ताटाच्या कडेला कापडी फुलं चिकटवलेली मी पाहिली आहेत. कापूर पेटवलेलं ताट हातात असताना ते अजिबात शहाणपणाचं नाही. तसं सजवलेलं ताट रुखवतात मांडा.

डोहाळेजेवणाचा साज

जुन्या फुलांचं खरं सोनं होतं ते इथे. फुलांचे दागिने भाड्याने आणायचे तर पैसे जातात आणि मापही आपलं नसतं. खऱ्या फुलांचे दागिने सुंदर दिसतात, पण दुपारपर्यंत मलूल होतात, आणि त्या दिवसांत काहींना उग्र वास सोसत नाही. घरच्या कापडी फुलांना वास नसतो आणि वजनही नसतं. हिरव्या साडीवर पांढरी नि पिवळी फुलं खुलतात. लाल-गुलाबी मिसळली तर फोटोत गर्दी दिसते.

बाजूबंद आणि कंकणांसाठी मऊ सुती कापडाची दीड इंच रुंद पट्टी घ्या आणि लहान चकत्या तिच्यावर टाके घालून बसवा. चिकटवण्यापेक्षा शिवलेलं बरं, मागची बाजू मऊ राहते. बांधायला इलॅस्टिक नको. सातव्या-नवव्या महिन्यात हातापायांना सूज येते, त्यामुळे रिबिनीचे बंद लावा, हवे तेवढे सैल करता येतात. कंबरपट्टा तर बांधूच नका. दीड-दोन फुटांची फुलांची लड साडीच्या निऱ्यांवरून टाचण्यांनी अर्धगोलात लावली की तोच आभास होतो. मुकुटासाठी मुलींचा जुना हेअरबँड घ्या: मध्ये तीन मोठी फुलं, दोन्ही बाजूंना उतरत्या आकारांची, कानाजवळ नुसती पानं. तार कुठेही उघडी राहता कामा नये. प्रत्येक टोक दुमडून त्यावर कापडी पट्टी गुंडाळा आणि घालायला देण्याआधी आपल्या मनगटावर घासून बघा.

धनुष्यबाणाशिवाय डोहाळेजेवणाचे फोटो होत नाहीत. चार फुटी बांबूची कामटी घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा, म्हणजे वाकवताना तडकत नाही. एका टोकाला खाच पाडून सुतळी बांधा, कामटी हळूहळू वाकवा आणि दुसऱ्या टोकाला ताणून बांधा. एक दिवस तशीच वाळू द्या. मग जुन्या हिरव्या ओढणीच्या दोन इंची पट्ट्या खालून वर तिरक्या गुंडाळत जा, म्हणजे कामटीची कुसं टोचत नाहीत. त्यावर प्लास्टिकच्या पानांची वेल. सगळ्यात मोठी फुलं मुठीच्या वर आणि खाली, टोकांकडे लहान होत जाणारी. मूठ मात्र मोकळी सोडा. फुलांनी भरलेलं धनुष्य धरायचं कुठून, हा प्रश्न ऐन फोटोच्या वेळी पडतो.

हाच साज थोडा बदलून हळदीला, शाळेच्या गॅदरिंगला, बोरन्हाणाला चालतो. बारशाला पाळणा सजवायचा असेल तर फुलं वरच्या दांडीवर आणि बाळाच्या हाताला अजिबात येणार नाहीत अशीच लावा, आणि कार्यक्रम झाला की लगेच काढून घ्या. केसर, मणी, घुंगरू काहीही सुटून पाळण्यात पडू शकतं.

गौरींच्या मागचा पडदा

ज्यांच्याकडे फुलं खोक्याने आहेत त्यांच्यासाठी. बागेसाठी मिळते ती इंचभर चौकोनांची प्लास्टिकची जाळी चार बाय पाच फूट कापून घ्या. फुलांचे देठ तीन इंच ठेवून बाकीचे पक्कडीने तोडा, देठ जाळीतून मागे घाला, शेजारच्याच चौकोनातून पुन्हा पुढे काढा आणि फुलाच्या मानेला पीळ द्या. गोंद नाही, टाके नाहीत. पुढच्या वर्षी पीळ सोडवून रंग बदलता येतात आणि पडदा नवा वाटतो. सगळी जाळी भरायच्या भानगडीत पडू नका. एका कोपऱ्यातून दाट सुरू करून तिरकं विरळ होत गेलं की डोळ्यांना बरं वाटतं आणि फुलं कमी लागतात. मागे दिव्यांची माळ सोडणार असाल तर कमी वोल्टेजची एलईडीच, आणि झोपताना बंद.

ठेवताना पडद्याची सैल गुंडाळी करून जुन्या चादरीत बांधून उभा ठेवा. तोरणं आणि दागिने बुटांच्या खोक्यात, मधून वर्तमानपत्राचे बोळे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की आत ओल धरते. नव्या बुटांबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या इथे टाका, मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

उरलंसुरलं

सुट्या दोन-चार फुलांचं काय? जुन्या बांगडीला कापडी पट्टी गुंडाळून त्यावर तीन फुलं शिवली की पडदा बांधायची कडी होते. इस्त्री केलेल्या पाकळ्या जाड कागदावर चिकटवून भेटपाकिटं सजवता येतात. कशिद्याच्या रिंगेवर अर्धगोल फुलं लावून भिंतीवर टांगता येतात. हिरवं आवरण असलेल्या तारा मनी प्लांटच्या वेलीला आधार द्यायला उत्तम. चिंध्या झालेल्या पाकळ्या टाचण्यांच्या उशीत भरा.

काही फुलं चांगली आहेत पण तुम्हाला करायला वेळ नाही, तर ती धुऊन जवळच्या बालवाडीला किंवा गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणाऱ्यांना विचारून द्या. धुतल्याशिवाय देऊ नका. मळका खोका दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे आपला कचरा त्याच्या गळ्यात मारणं.

आणि जे खरोखर टाकायचंच आहे ते निर्माल्य कलशात टाकू नका. निर्माल्याचं खत करतात, आणि त्यात पॉलिएस्टरची एक माळ गेली तरी कुणाला तरी ती हाताने वेचून काढावी लागते. नदीत, विहिरीत, समुद्रात नको. होळीत तर नकोच, त्या धुरात विषारी वायू असतात. उघड्यावर टाकलेल्या माळा गुरं खातात. तार ओढून काढा आणि भंगारवाल्याला द्या, बाकी सगळं सुक्या कचऱ्यात.